बोटीवर इंटरनेट : मोडेम आणि अँटेना कसे निवडावेत

मुंबईहून गोव्याकडे किनाऱ्याने जाणारी शिडाची बोट असो, मालवणची पर्यटन नौका असो किंवा हर्णैचा ट्रॉलर असो, इंटरनेट बसवायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी राऊटर शोधू लागतात आणि ज्या खोक्यावर वेगाचा सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो ते उचलतात. समुद्रावर हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आपण किनाऱ्यापासून किती लांब जाणार, तिथे कोणत्या कंपनीची कोणती लहर पोहोचते, अँटेना बोटीवर कुठे बसू शकते आणि तिथून खाली केबल किती लांबीची लागेल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच मोडेम, म्हणजे राऊटरच्या आतला टॉवरशी बोलणारा भाग, निवडावा. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे. उदाहरणे कोकण किनाऱ्याची आहेत.

आधी मर्यादा समजून घ्या

मोबाइलची रेंज समुद्रावर कुठवर मिळेल हे प्रथम पृथ्वीची गोलाई ठरवते. समुद्रसपाटीपासून टॉवरच्या अँटेनाची उंची आणि बोटीवरच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे, म्हणजे रेडिओ लहरींचे क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळते. किनाऱ्यावरचा टॉवर ४० मीटर उंच असेल आणि तुमचा फोन पाण्यापासून २ मीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे ३२ किलोमीटर, म्हणजे १७ सागरी मैल भरते. हाच टॉवर सड्यावर असेल आणि त्याची एकूण उंची १२० मीटर असेल, तर ते ५१ किलोमीटरवर जाते. कोकणात जांभ्याचे सडे थेट समुद्राच्या कडेपर्यंत येतात आणि अनेक टॉवर त्यांच्यावरच उभे असल्यामुळे खुल्या समुद्रावरच्या बोटीला इथे चांगला फायदा मिळतो.

हे आकडे कागदावरची कमाल मर्यादा दाखवतात. प्रत्यक्षात टॉवरच्या अँटेना गावाकडे, किंचित खाली कललेल्या असतात, कारण समुद्रातल्या बोटींना सेवा देणे हा कंपनीचा मूळ हेतू नसतो. शिवाय ४जी जोडणी सुरू होताना मोडेम टॉवरला पहिली हाक देतो, तिला किती दूरवरून दाद द्यायची हे टॉवरच्या मांडणीत ठरवलेले असते आणि नेहमीच्या मांडणीत ही मर्यादा सुमारे १४.५ किलोमीटर असते. लांबच्या अंतराच्या मांडणीत ती १०० किलोमीटरपर्यंत वाढवता येते, पण तो निर्णय कंपनीचा असतो. फोनवर दांड्या दिसत असूनही इंटरनेट चालत नाही, असा अनुभव समुद्रावर पुष्कळदा येतो आणि त्यामागे हे एक कारण असू शकते. चांगली सामग्री नीट बसवली आणि टॉवरच्या मांडणीत ही मर्यादा वाढवलेली असली तर १० ते १५ सागरी मैलांपर्यंत कामाचे इंटरनेट मिळण्याची अपेक्षा धरावी आणि त्यापलीकडे मिळेल ते वरकमाई मानावे. साठ-सत्तर मैल आत जाऊन मासेमारी करणाऱ्या बोटीसाठी मोबाइल मोडेमवर खर्च करताना हे भान आधीच ठेवायला हवे.

खाड्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. दाभोळजवळ वाशिष्ठीत, जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी किंवा विजयदुर्गाच्या आत वाघोटन खाडीत नांगर टाकला की दोन्ही बाजूंचे डोंगर आडवे येतात. सड्यावरचा टॉवर दहा मैलांवरच्या बोटीला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी खाडीत थांबलेल्या बोटीला दिसत नाही. अशा ठिकाणी अँटेना आणखी दोन मीटर वर नेऊन फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम जवळ असणे जास्त उपयोगी ठरते.

लहरींचे पट्टे : कोणती कंपनी कशावर बोलते

मोबाइल कंपन्या वेगवेगळ्या वारंवारतेच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, सेवा देतात. अंतर आणि अँटेना तेच ठेवले तर ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या तुलनेत २३०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १० डेसिबलने, म्हणजे दहापटीने क्षीण होऊन पोहोचते. म्हणून बोटीसाठी ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे पट्टे सर्वांत मोलाचे आहेत. १८०० आणि २१०० किनाऱ्यालगत चांगले चालतात. २३०० आणि त्यावरचे पट्टे बंदरात वेग देतात, पण लांब पल्ल्याला मागे पडतात. बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झ) आणि ५जीचा एन७८ (३५०० च्या आसपास) या पट्ट्यांत पाठवणे आणि घेणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते, त्यामुळे फार लांबच्या बोटीसाठी वेळेची मुभाही तिथे कमी उरते.

जिओचे ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालते आणि त्यांतला बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, बोटीच्या कामाचा आहे. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांच्याकडे अनेक परिमंडळांत बँड ८, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ आहे, शिवाय दोघांकडे बँड १ (२१००) आणि ३ (१८००) आहेत, एअरटेलकडे बँड ४० आणि व्हीकडे बँड ४१ (२५००) आहे. बीएसएनएलचे नवे स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रार्पित झाले, ते बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १ वर आहे. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या परिमंडळात येतो. एकाच कंपनीचे पट्टे या दोहोंत सारखेच असतील असे गृहीत धरू नये.

इथे नवख्यांची एका ठिकाणी नेहमी गल्लत होते. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशभरासाठी घेतला, पण त्यावर ४जी नाही, ५जी चालते. ४जी राऊटरच्या माहितीपत्रकात बँड २८ लिहिलेला असला तरी त्याचा उपयोग बीएसएनएलच्या सिमला होईल, जिओच्या सिमला होणार नाही. जिओचा ७०० वापरायचा असेल तर ५जी मोडेम हवा आणि त्यात एन२८ पट्टा स्टँडअलोन पद्धतीने, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय, चालायला हवा. बोटीवर ५जी मोडेम घेण्याचे माझ्या मते सबळ म्हणावे असे कारण हेच आहे. वेगासाठी तो घेऊ नये, कारण वेग देणारा एन७८ पट्टा जेट्टी सोडली की लवकरच मागे राहतो.

खरेदीपूर्वी एक काम अवश्य करावे. तीन कंपन्यांची सिमे फोनमध्ये घालून आपल्या नेहमीच्या मार्गावर एक फेरी मारावी आणि फोनवर मोजणीचे मोफत अ‍ॅप घेऊन ठिकठिकाणी बँड क्रमांक, आरएसआरपी आणि एसआयएनआर हे तीन आकडे वहीत नोंदवावेत. आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या लहरीची ताकद. ती उणे ८० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला कामापुरती आणि उणे ११५ च्या पलीकडे बेभरवशाची समजावी. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत मूळ लहर किती स्पष्ट आहे त्याचे माप. ते २० च्या वर असेल तर छान, आणि शून्याच्या खाली गेले तर ताकद भरपूर असूनही इंटरनेट रडत चालते. खुल्या समुद्रावर एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात आणि त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून तिथे हा दुसरा आकडाच अधिक बोलका असतो. समुद्रालगतच्या दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचा थर साचला की लहरी वाकून एरवीपेक्षा फार लांब जातात, तेव्हा एकाच दिवसाच्या मोजणीवर निर्णय घेऊ नये.

अँटेनाची जागा

अँटेना जितकी उंच तितकी चांगली, असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे, पण त्या उंचीची किंमत काय हेही मोजायला हवे. बोटीच्या मागच्या कमानीवर ४ मीटरवर बसवलेल्या अँटेनाचा क्षितिजातला वाटा सुमारे ८ किलोमीटर असतो आणि डोलकाठीच्या टोकावर १२ मीटरवर तो १४ किलोमीटर होतो. म्हणजे आठ मीटर चढून सहा किलोमीटर, साधारण तीन सागरी मैल मिळतात. त्यासाठी डोलकाठीच्या आतून केबिनपर्यंत अठरा-वीस मीटर केबल ओढावी लागते आणि ती केबल बारीक असेल तर मिळवलेले सगळे वाटेतच सांडते. किनाऱ्याने बंदर ते बंदर जाणाऱ्या बोटीसाठी कमानीवर किंवा केबिनच्या छतावरच्या खांबावर तीन-चार मीटर उंचीवर अँटेना बसवून केबल पाच मीटरच्या आत ठेवणे हाच पर्याय मी सुचवेन. डोलकाठीचे टोक आकाशातली वीज पडण्याच्या दृष्टीनेही सर्वांत जोखमीची जागा आहे.

केबलचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ ही केबल १० मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबल आणि २३०० वर सुमारे ९ ते १० डेसिबल खाते. तेवढ्याच लांबीला एलएमआर-२०० अनुक्रमे साधारण ३ आणि ५ डेसिबल घेते, तर एलएमआर-४०० केवळ १.३ आणि २ च्या आसपास. तीन डेसिबल गेले की अर्धी ताकद गेली, दहा गेले की दहावा हिस्सा उरला. पाच डेसिबलची वाढ देणारी महागडी अँटेना आणून तिला दहा मीटर आरजी-५८ जोडली, तर २३०० वर हाती उणे पाचच राहते. त्यापेक्षा फायबरच्या बोटीत खिडकीशी ठेवलेल्या राऊटरच्या स्वतःच्या दांड्याही बऱ्या. एलएमआर-४०० बोटाएवढी जाड आणि ताठ असते, ती वळणावळणांतून नेणे कठीण जाते, म्हणून मधल्या जाडीची एलएमआर-२४० पाच-सहा मीटरपर्यंत चांगली तडजोड ठरते.

हे नुकसान पाठवण्याच्या बाजूलाही तितकेच होते आणि बोटीवर खरी अडचण तिथेच येते. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, मोडेमला मात्र जेमतेम ०.२ वॅटची मुभा असते. त्यामुळे लांब गेल्यावर टॉवरचे आपल्याला ऐकू येते आणि आपले टॉवरला ऐकू जात नाही. यावर उपाय म्हणून दुकानदार बूस्टर किंवा रिपीटर सुचवतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बसवणे भारतात बेकायदा आहे आणि त्यामुळे किनाऱ्यावरच्या इतरांच्या सेवेत अडथळा येतो. तो घेऊ नये.

केबलची कटकट मुळातूनच टाळणारी एक पद्धत आहे. मोडेमच अँटेनाच्या खोळीत घालून वर बसवायचा आणि खाली फक्त नेटवर्कची केबल आणायची, जिच्यातून वीजही वर जाते. ही केबल १०० मीटरपर्यंत लहरीचे काहीच नुकसान करत नाही, त्यामुळे अँटेना खरोखरच उंच न्यायची असेल तर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोळीचे तापमान फार चढते, म्हणून ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची हमी असलेले औद्योगिक दर्जाचेच उपकरण घ्यावे. सिम बदलायला दरवेळी वर चढावे लागेल, हेही लक्षात असू द्यावे.

अँटेनाचा प्रकार

सर्व दिशांना बोलणारी अँटेना चालत्या बोटीला योग्य असते. एकाच दिशेला रोखलेली अँटेना जास्त लांब पोहोचते, पण नांगरावरची बोट भरती-ओहोटीबरोबर फिरते आणि अँटेनाचे तोंड डोंगराकडे होते. कायम बांधलेली नौका असेल, जशी तारकर्लीला कर्ली नदीतली हाउसबोट, तर मात्र दिशेची अँटेना टॉवरकडे रोखून बसवणे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक ठरेल.

सर्वदिश अँटेनातही ९ किंवा १० डेसिबलचा आकडा पाहून भुलू नये. अँटेना जास्त लांबचे ऐकते ते तिची लहर उभ्या अंगाने चपटी करून. शिडाची बोट वाऱ्यावर वीस अंश कलली की ती चपटी लहर एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जाते. शिडाच्या बोटीला ३ ते ५ डेसिबलची आणि फारशा न कलणाऱ्या ट्रॉलरला किंवा प्रवासी नौकेला ६ ते ७ पर्यंतची अँटेना पुरेशी आहे.

४जीला एकाच वेळी दोन अँटेना लागतात. दोन वाटांनी माहिती घेतल्यामुळे वेग वाढतो आणि एक वाट खराब झाली तरी दुसरी सांभाळून घेते. अनेक ५जी मोडेमना चार जागा असतात. ८५० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते, तेव्हा दोन सुट्या अँटेना एकमेकींपासून निदान १८ सेंटिमीटर, शक्य असल्यास त्याहून दूर ठेवाव्यात. एकाच खोळीत दोन्ही अँटेना असलेले सागरी प्रकारही मिळतात, उदाहरणार्थ पॉइंटिंग कंपनीची ओम्नी-४०२. नवख्याने असाच प्रकार घ्यावा, कारण त्यात अंतराची चूक होत नाही. गाड्यांसाठी बनवलेल्या घुमटाकार अँटेना दिसायला नीटस असतात आणि एकाच भोकातून सगळ्या तारा आत जातात, मात्र त्या बुटक्या असल्यामुळे खालच्या पट्ट्यांवर कमी पडतात, आणि बोटीला गरज नेमकी त्याच पट्ट्यांची असते. अँटेना घेताना ती ६९८ किंवा ६१७ मेगाहर्ट्झपासून सुरू होते का, हे पाहावे. व्हीएचएफ रेडिओ २५ वॅटने पाठवतो, म्हणून त्याच्या अँटेनापासून किमान एक मीटर अंतर ठेवावे आणि रडारच्या झोतात तर अजिबात येऊ देऊ नये.

आता मोडेम

पहिली कसोटी पट्ट्यांची. परदेशातून मागवलेले उपकरण अनेकदा त्या खंडासाठी बनलेले असते. क्वेक्टेलच्या ईसी२५ या सर्वत्र आढळणाऱ्या मोडेमचेच पाहा. त्याच्या ‘ई’ प्रकारात बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ आहेत, म्हणजे आपल्याकडच्या तिन्ही खासगी कंपन्यांचे ४जी चालते, पण बीएसएनएलचा बँड २८ त्यात नाही. ‘ए’ प्रकार अमेरिकेसाठी असून त्यात २, ४ आणि १२ एवढेच आहेत, तो कोकणात निरुपयोगी आहे. बाहेरून दोन्ही राऊटर हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी कसोटी श्रेणीची. कॅट-४ मोडेम एका वेळी एकच पट्टा वापरतो आणि त्याची कागदावरची कमाल १५० मेगाबिट आहे. कॅट-६ दोन पट्टे जोडून ३०० पर्यंत जातो. समुद्रावर यांतले काहीच पुरते मिळत नाही. हवामानाचे नकाशे, बाजारभाव, व्हॉट्सअ‍ॅप आणि एखादा व्हिडिओ कॉल एवढीच गरज असेल तर कॅट-४ पुरतो. बोटीवर बसून रोज कार्यालयीन काम करणाऱ्याने किंवा पर्यटकांना वायफाय देणाऱ्याने कॅट-६ किंवा त्यावरचा घ्यावा.

तिसरी कसोटी विजेची, आणि बोटीवर उपकरणे बहुधा इथेच मरतात. बारा व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि इंजिन सुरू करताना १० च्या खाली येते. ट्रॉलरवर २४ व्होल्ट असतील तर २८ च्या पुढे जाते. घरगुती राऊटरला नेमके १२ व्होल्ट हवे असतात. ९ ते ३० व्होल्ट स्वीकारणारा राऊटर घ्यावा, जसे टेल्टोनिकाच्या आरयूटी मालिकेतले अनेक आहेत, किंवा मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर बसवावा, आणि दोन्ही परिस्थितींत योग्य फ्यूज लावावा. सहा वॅटचा राऊटर १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे चोवीस तासांत १२ अँपिअर-तास. शंभरच्या शिसे-आम्ल बॅटरीतली निम्मीच क्षमता वापरायची असते, हे पाहता हा खर्च लहान नाही. ५जी राऊटर याच्या दुप्पट-तिप्पट घेऊ शकतो.

याशिवाय बाहेरच्या अँटेनासाठी मळसूत्री एसएमए जोड हवेत. हातात मावणाऱ्या हॉटस्पॉटवरचे टीएस-९ जोड इंजिनाच्या हादऱ्यांनी सैल होतात. वायफायचे आरपी-एसएमए जोड दिसायला तसेच असतात आणि फिरवून घट्टही बसतात, पण मधली पिन न जुळल्यामुळे संपर्कच होत नाही, तेव्हा पिन डोळ्यांनी पाहून घ्यावी. दोन सिमांची सोय अवश्य हवी. एका कंपनीची रेंज गेली की राऊटर आपोआप दुसरीकडे जातो, यात मिनिटभर लागू शकतो आणि तेवढे थांबायला हरकत नसते. दोन स्वतंत्र मोडेम असलेल्या महागड्या राऊटरची गरज व्यावसायिक प्रवासी नौकेखेरीज क्वचितच पडते. बँड निवडून बंद-चालू करण्याची सोय मात्र पाहाच, कारण बंदराबाहेर पडल्यावर राऊटर क्षीण झालेला बँड ४० धरून बसला तर त्याला हाताने ५ किंवा ८ वर आणता आले पाहिजे.

बसवणे आणि तपासणे

खारी हवा जोडांच्या आत शिरली की एका मोसमात तांबे हिरवे पडते. बाहेरचा प्रत्येक जोड स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळावा आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकते वळण द्यावे, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाते. पोलादी बोटीत राऊटरचे वायफाय एका कप्प्यातून दुसऱ्यात जात नाही, तिथे आतला आणखी एक वायफाय केंद्र लागेल. पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर ओढली की अँटेना उतरवून जोडांना टोपणे घालावीत.

सर्व जुळल्यावर जुन्या वहीतल्या त्याच ठिकाणी जाऊन तेच आकडे पुन्हा घ्यावेत, या वेळी राऊटरच्या पानावरून. फोनपेक्षा आरएसआरपी १० डेसिबलने सुधारली असेल तर काम चांगले झाले. काहीच फरक नसेल तर मोडेमला दोष देण्यापूर्वी एकेक केबल काढून प्रत्येक जोड तपासावा. फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू केले की याच जोडणीवरून साधे कॉलही केबिनमधून लागतात.

संकटकाळासाठी मात्र यावर विसंबू नये. व्हीएचएफचा चॅनेल १६ आणि नोंदणीकृत संकट-संदेशक यंत्र बोटीवर हवेच, आणि रेंज असताना तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्व खलाशांच्या फोनमध्ये साठवलेला असावा. रेंजबाहेर इंटरनेट हवे असेल तर २०१८ च्या विमान व सागरी जोडणी नियमांखाली परवानाधारक कंपनीकडूनच उपग्रह सेवा घ्यावी लागते. परदेशातून आणलेला इरिडियम किंवा थुरायाचा फोन भारतीय हद्दीत विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे, त्यामुळे परदेशी नोंदणीची बोट घेऊन मुंबई, गोवा किंवा कोचीला येणाऱ्यांनी बंदरात शिरण्यापूर्वीच याची व्यवस्था लावावी.